दगडी मोडणारे हात

आमच्या आक्काच्या हाताला गुण आहे असं सगळं गाव मानतं, आणि सासूचं कौतुक करायची मला फारशी हौस नसली तरी तेवढं मीही मानते. म्हैस दगडीनं आजारी पडली की लोक आधी आक्काला बोलावतात आणि मग जनावरांच्या डॉक्टरला. दगडी म्हणजे कासेचा आजार. कास सुजते, हाताला दगडासारखी लागते, दूध नासतं, आणि म्हैस जवळ कुणाला उभं करत नाही. आक्का मात्र कोमट पाण्याची बादली आणि हळद घातलेलं एरंडेल घेऊन थेट तिच्या पोटाशी जाऊन बसते. अंगठ्यानं गाठ शोधते आणि अशी रगडते की बघणाऱ्यानं तोंड फिरवावं. "दुखू दे बाई, दुखू दे. दुखल्याबिगर मोडत न्हाय," असं म्हशीला समजावत असते. डॉक्टरचं इंजेक्शन ती नाकारत नाही, पण म्हैस बरी झाली की श्रेय हाताचं.

मी अनुजा, या घरची सून. बिद्रीच्या कारखान्याला ऊस घालणारं आणि दुधावर चालणारं आमचं घर. माझी नणंद संयोगिता माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. तिला कोल्हापुरात दिलेली. तिचा नवरा उदयसिंह कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सुपरवायझर आहे. माणूस वाईट नाही, पण बायकोला काही दुखलं-खुपलं की आधी घड्याळ बघणाऱ्यातला.

सात वर्षांपूर्वी ताईच्या डाव्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन पुण्याला झालं. सर्जननं आतलं सगळं काढलं, वरची कातडी राखली आणि आत सिलिकॉनच्या जेलची पिशवी बसवली. इम्प्लांट म्हणतात ते. कपड्यावरून कुणाला कळू नये आणि उघड्यावरही पटकन लक्षात येऊ नये, इतकं नीट काम. हे ठाऊक असलेली माणसं म्हणजे ताई, तिचा नवरा, तिचा भाऊ म्हणजे माझा नवरा, आणि मी. आक्काला सांगितलं की नुसती गाठ काढली, बाकी सगळं जागच्या जागी आहे.

खोटं का सांगितलं, तर त्याला चिमणामावशी कारण. चिमणाबाई ही आक्काची थोरली बहीण. असल्याच आजारात तिचं थान कापलं आणि सासरच्यांनी तिला राधानगरीकडं माहेरी आणून सोडली. न्यायला परत कुणी फिरकलं नाही. पदर डाव्या अंगावर दोनदा गुंडाळून ती सोप्यात एका कोपऱ्यात बसायची आणि तिथंच गेली. आक्का तेव्हा लग्नाची पोर होती, मावशीचं जेवणाचं ताट तीच नेऊन द्यायची. त्यामुळं ताईचा आजार कळल्यावर आक्कानं अंबाबाईपुढं पदर पसरला तो असा: लेकीला जगव, आणि आख्खी ठेव. ताई पुण्याहून परत आली, आख्खी दिसली, आणि आक्का गावापासून देवळापर्यंत अनवाणी चालत जाऊन ओटी भरून आली. पायाला आलेले फोड ती पुढं कितीतरी दिवस आल्या-गेल्याला कौतुकानं दाखवत होती. आता या बाईला खरं सांगणार कोण?

सर्जननं बजावलं होतं, काही त्रास नसला तरी ठरावीक वर्षांनी एमआरआय करायचा. ही पिशवी फुटली तर दुखत नाही, जेल आतल्या आत पसरतं आणि बाहेरून कळत नाही. एमआरआयमध्ये मात्र दिसतं. ताईनं मान हलवली आणि विसरली. विसरली कसली, टाळलं तिनं. एमआरआय म्हटलं की कशासाठी हा प्रश्न आला, आणि आमच्या घरात शिंक आली तरी आक्काला तिचं कारण लागतं.

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला आक्का लेकीला पाटावर बसवून स्वतः तेल लावते. लेकीचे केस पिकायला लागले तरी ते सुटलेलं नाही. ऑपरेशनपासून ताई काही ना काही निमित्त काढून ते चुकवत आली होती. मागच्या दिवाळीला आक्कानं ऐकलं नाही. मी न्हाणीत गरम पाण्याची बादली घेऊन गेले तेव्हा आक्काचा हात ताईच्या डाव्या छातीवर थांबला होता.

"संयू, आगं हे काय? ही तर दगडी हाय की!"

छाती खरंच दगडासारखी घट्ट झाली होती. ताईला ते ठाऊक होतं, मला नव्हतं. ताईनं माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं मानेनंच नको म्हटलं.

"गाठ काढली तिथं धरलंय वाटतं, आक्का. बसंल आपोआप."

"आपोआप कशाला बसतंय? मी काय मेलोय व्हय?" आक्का म्हणाली. आमच्याकडं बायका आलो, गेलो, मेलो असंच बोलतात, आणि आक्काच्या तोंडी ते शोभतंही.

झालं. हळद आली, एरंडेल आलं, कोमट पाण्याचा शेक आला. रोज सकाळी म्हशींची धार काढून झाली की त्याच हातांनी आक्का लेकीच्या छातीला बसायची. भाऊबीज झाली तरी तिनं ताईला परत जाऊ दिलं नाही. मी ताईला स्वयंपाकघरात गाठलं आणि चांगलीच झापली. म्हटलं, ताई, हे काय चालवलंय? आत काय आहे ते त्यांना माहीत नाही, तुम्हाला तर माहीत आहे ना?

ताई कोथिंबीर निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अनुजा, मला तिथं काय कळतच न्हाय गं. ऑपरेशनपासनं बधिर हाय समदं. तिचा हात दिसतो, पर लागत न्हाय."

"मग कशाला करून घेता?"

"ह्यांनी सहा वर्सांत तिथं बोट लावलेलं न्हाय. माझं मला हात लावायचं भ्या वाटतंय. ती एकटीच लावतीय, आपलं काहीतरी असल्यागत." मग पुढची काडी उचलून म्हणाली, "आणि नको म्हणायचं तर समदं सांगावं लागंल."

 मला राग आला होता, पण तो कुणावर काढावा तेच कळेना. त्यातून दुखत नसल्यामुळं किती जोर लागतोय हे ताईलाही समजत नव्हतं. म्हैस निदान लाथ तरी झाडते.

एका सकाळी आक्काच्या अंगठ्याखाली ती छाती एकदम सैल पडली. "मोडली! मोडली बघ दगडी!" म्हणून आक्का न्हाणीतून ओरडली ते शेजारच्या घरापर्यंत गेलं. छाती खरंच मऊ लागत होती. ताईसुद्धा हसली. आक्कानं उन्हाळ्यात स्वतः वळलेल्या शेवया काढल्या आणि दुपारी खीर केली, आणि म्हशीच्या डॉक्टरला फोन लावून सांगितलं की तुमच्या शिकलेल्या लोकांना जमलं नसतं. सहा वर्षांत आमच्या घरात इतकं हसणं झालं नव्हतं.

शिमग्याच्या सुमाराला ताईचा फोन आला. डाव्या काखेत गाठ लागत होती.

कॅन्सर परत आला असणार, हेच दोघींच्या मनात आलं आणि दोघींनीही ते उच्चारलं नाही. पुण्याच्या सर्जननं फोनवर सांगितलं, आधी एमआरआय करा, इम्प्लांटचाही आणि काखेचाही. ताई मला म्हणाली, "गाठ कसली का निघंना, मी सोसंन. पर आक्काला आतलं कळता कामा न्हाय. तिनं ज्या हातानं चोळलंय ना अनुजा, त्या हाताला हे कळू द्यायचं न्हाय मला." मी शब्द दिला. आणि शब्द दिला तरी आक्काला घरी बसवणं माझ्या बापाला जमलं नसतं.

"माझी लेक मशिनीत घालायला न्यायलाय आणि मी गोठ्यात बसू?" असं म्हणून ती नवं लुगडं नेसून आमच्या आधी गाडीत जाऊन बसली. उदयसिंहाला सुट्टी मिळाली नाही. निदान त्यानं तसं सांगितलं.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एमआरआय सेंटरवर सबिना नावाची मुलगी तपासणीला घेऊन जायला आली. मशीन म्हणजे मोठं चुंबक, अंगावर धातूचं काही नको, म्हणाली. ताईनं मंगळसूत्र काढून आक्काच्या हातात दिलं, आक्कानं ते पदराच्या गाठीत बांधलं. जोडवी मात्र निघेनात. सबिना साबण आणायला निघाली तशी आक्का खाली वाकली, ताईचं पाऊल मांडीवर घेतलं आणि एका पिळ्यात जोडवं काढलं, मग दुसरं.

"आजी, हाताला लय जोर हाय की तुमच्या," सबिना म्हणाली.

"म्हशी हायत आमच्या," आक्का म्हणाली. ती खूश झाली होती.

ताईला आत पालथं झोपवतात हे मला सबिनानं सांगितलं. छातीसाठी मशीनच्या फळीत दोन खळगे असतात, हात डोक्यावर घ्यायचे आणि हलायचं नाही. दारामागून ठोकल्यासारखा आवाज यायला लागला. आक्का भिंतीला टेकून बसली होती. "गिरणी चाललीय का काय आत?" एवढं एकदा म्हणाली आणि मग अंबाबाईचं नाव घेत राहिली. मी मनात एकच घोकत होते, डॉक्टरांच्या खोलीत हिला येऊ द्यायचं नाही.

रिपोर्ट बघणाऱ्या डॉक्टर म्हणजे राजनंदिनी मॅडम. तिशीतल्या, बोलायला गोड. त्यांनी ताईला आत बोलावलं तसा ताईनं मला डोळ्यानं खुणावलं. मी म्हटलं, "आक्का, चला, आपण चहा घेऊन येऊ."

"चहा तू घे," आक्का म्हणाली आणि ताईच्या आधी आत शिरली.

मॅडमचा तरी काय दोष? आई बरोबर आलीय म्हणजे तिला माहीत असणार, असंच कुणालाही वाटेल. त्यांनी पडदा आमच्याकडं वळवला. "आधी चांगली गोष्ट सांगते. काखेतली गाठ कॅन्सरची वाटत नाही. हा जो फोटो आहे ना, यात सिलिकॉन तेवढं पांढरं दिसतं. गाठीत तेच पांढरं आहे. म्हणजे जेल तिथंपर्यंत गेलंय. सुईनं तपासून खात्री करू, पण मला तरी कॅन्सर वाटत नाही."

माझे डोळे भरून आले. ताईनं खुर्चीचा हात घट्ट धरला. आणि मग मॅडमनी पडद्यावर पेन टेकवलं. "आणि हे डावं इम्प्लांट. पिशवी फुटलीय. या शेवयांसारख्या रेषा दिसतायत ना, ते तिचं आवरण. फाटून जेलमध्ये गोळा होऊन पडलंय."

आक्का पुढं वाकली. काळ्या-पांढऱ्या चित्रात त्या शेवया स्पष्ट दिसत होत्या, वाडग्यातल्या खिरीत असाव्यात तशा.

"कसली पिशवी?" आक्कानं विचारलं.

 मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मी ताईकडं.

"संयू, मी इचारलं, कसली पिशवी?"

ताईनं सांगितलं. खाली बघून, थोडक्यात. आक्का ऐकत होती. मला वाटलं आता ती ओरडेल, सगळं सेंटर डोक्यावर घेईल. ती नुसती म्हणाली, "आणि मी अनवाणी गेलतो."

"आक्का, चिमणामावशीचं तू आयुष्यभर डोळ्यात पाणी आणून सांगत आलीस. मी कशी सांगू?"

मॅडमना आपल्याकडून काहीतरी घडलं हे कळलं होतं, पण त्यांना विचारणं भाग होतं. "छातीला मार वगैरे लागला होता का? पडलात, किंवा कुणी जोरात दाबलं, मालिश?"

"न्हाय," ताई ताबडतोब म्हणाली. "काय सुदीक न्हाय."

"मी चोळलंय," आक्का म्हणाली. दोन्ही हात तिनं टेबलावर ठेवले, पोलिसांपुढं चोरीचा माल ठेवावा तसे. "दिवाळीत. दगडासारखं झालं हुतं, मी मोडलं."

मॅडमनी तिच्या हातांवर हात ठेवला. मनानं चांगली बाई. म्हणाली, "आजी, याच्यामुळंच फुटलं असं कुणी सांगू शकत नाही. वर्षं झाली की या पिशव्या आपल्या आपणही फुटतात. एमआरआयमध्ये फुटलेलं दिसतं, कशानं फुटलं ते दिसत नाही. शरीर पिशवीभोवती स्वतःचं कवच करतं, ते आवळलं की छाती दगडासारखी होते. आणि तुम्ही काही जगावेगळं केलं नाही. पूर्वी डॉक्टरसुद्धा ते कवच असंच हातानं दाबून मोडायचे."

"आता मोडत न्हाईत?"

मॅडम जरा अडखळल्या. "नाही. बंद केलं."

"का?"

मॅडमना खोटं बोलता आलं नाही. आमच्या घरातल्या सगळ्यांना जे इतकी वर्षं सहज जमलं ते त्यांना जमलं नाही. "आतली पिशवी फुटायची म्हणून," त्या म्हणाल्या.

"तुमच्या मशिनीला न्हाय दिसत," आक्का म्हणाली, "मला दिसतंय."

बाहेर आल्यावर तिनं पदराची गाठ सोडून मंगळसूत्र माझ्याकडं दिलं. "तू घाल तिला," म्हणाली. जोडवीही मीच घातली. घरी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. संध्याकाळी म्हशी हंबरायला लागल्या तरी ती उठली नाही. शेवटी मी चरवी घेऊन गेले. म्हैस माझ्या हाताला पान्हा सोडेना, आणि मी तिच्या पोटाला डोकं टेकून मनसोक्त रडून घेतलं.

ताईचं ऑपरेशन झालं. फुटलेली पिशवी, पसरलेलं जेल आणि ते कवच, सगळं काढलं. काखेतल्या गाठीत सिलिकॉनच निघालं, कॅन्सर नव्हता. नवी पिशवी बसवायची का, असं सर्जननं विचारलं तेव्हा ताई नको म्हणाली. टाके काढायच्या दिवशी आक्का तिच्या शेजारी बसली होती. सर्जन सांगत होते की छातीची ही बाजू आता सपाटच राहील, जखम चांगली भरलीय, पण तिथली जाणीव परत यायची नाही. स्पर्श कळणार नाही, आयुष्यभर. आक्कानं तेवढं दोनदा विचारून घेतलं.

गावात कुणाची तरी म्हैस दगडीनं पडली आणि बोलावणं आलं. आक्का म्हणाली, डॉक्टरला बोलवा. पुन्हा आलं, पुन्हा तेच. लोकांना वाटलं म्हातारीला गर्व झाला. माझ्या पोरीची वेणी घालायची तीही बंद केली. मी एकदा चिडून म्हटलं, "आक्का, झालं ते झालं की. तुम्ही काय जाणून केलं?" तर म्हणाली, "जाणून केलं असतं तर बरं झालं असतं. दोष द्यायला हाताला सोडून दुसरं कायतरी सापडलं असतं." 

या दिवाळीला ताई आली. उदयसिंह स्वतः सोडायला आला आणि चहाला थांबला, हीदेखील एक नवलाईच. पहिल्या अंघोळीच्या सकाळी मी पाणी तापवलं, न्हाणीत पाट मांडला, वाटीत तेल काढलं. आक्का चुलीपुढून हलेना.

"अनुजा लावंल," म्हणाली. "माझ्या हाताला लई जोर हाय."

ताई न्हाणीतून हाक मारत राहिली, लहान पोरीसारखी. "आक्का, थंडी वाजतीय. ये की." शेवटी आक्का उठली.

मी बादली घेऊन गेले तेव्हा ताई पाटावर बसली होती, अंगावर काही न घेता, उजेडाकडं तोंड करून. उजवीकडं छाती आणि डावीकडं सपाट कातडी, तिच्यावर आडवा व्रण. इतक्या वर्षांत तिनं स्वतःला असं कधी कुणाला दाखवलं नव्हतं. आक्कानं डोक्याला तेल लावलं, पाठीला लावलं, हातांना लावलं, आणि पुढं येऊन थांबली. तिनं दोन्ही हात पदराला पुसले. ज्या हातांपुढं आडदांड म्हशी गप उभ्या राहायच्या ते हात.

ताईनं तिचा उजवा हात धरला आणि आपल्या डाव्या बाजूला, व्रणावर ठेवला.

 आक्कानं अगदी हळू, अंगठा उचलून धरून, नुसता तळवा फिरवला आणि विचारलं, "लागतंय?"

"लागतंय की," ताई म्हणाली.

तिथं तिला काहीएक कळत नव्हतं. आक्काला ते माहीत होतं, दोनदा विचारून घेतलेलं होतं.

"मग हळू चोळतो," आक्का म्हणाली.